आईचा शनिवार का बिघडतो?

पत्र:

माझी आई ६१ वर्षांची आहे. गेली तीन वर्षं पावसाळा लागला की तिला कोरडा खोकला आणि ताप सुरू होतो. दोनदा न्यूमोनिया म्हणून ॲडमिट केलं. हॉस्पिटलमध्ये पाच दिवसांत ठणठणीत होते, घरी आली की आठवड्याभरात पुन्हा तेच. आई म्हणते, ‘शनिवार मला लाभत नाही, दिवसभर बरी असते आणि संध्याकाळी कणकण भरते.’ उन्हाळा मात्र चांगला जातो. या वर्षी थंडीतही जिना चढताना दम लागला, वजनही उतरलंय. ॲलर्जीची रक्ततपासणी नॉर्मल आली, पंपाचा फारसा उपयोग झाला नाही. गेल्या महिन्यात सीटी स्कॅन केला. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसांना ॲलर्जीची सूज आहे, घरातलं कारण शोधा. स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या आहेत, त्यांनी आता बरंच बरं वाटतंय. तिच्या खोलीत कपाटामागची भिंत पावसाळ्यात काळी पडते. उन्हाळ्यात कूलर असतो. बाबांचे लव्हबर्ड होते, ते गेल्यापासून आईच सांभाळते. पिंजरा तिच्या खोलीत असतो आणि शनिवारी सकाळी ती स्वतः धुते. ती पाखरं म्हणजे तिचा जीव. आम्ही चौघं त्याच घरात राहतो, मग तिलाच का? घर बदलावं का? आणि पक्षी द्यावे लागले तर तिला कसं सांगू?

उत्तर:

प्रिय ताई,

आईचा शनिवार संध्याकाळी बिघडतो हे तुम्ही पत्राच्या वरच्या भागात लिहिलंय, आणि पिंजरा शनिवारी सकाळी धुतला जातो हे पार खाली. ही दोन वाक्यं एकमेकांशेजारी ठेवून वाचा. मी तशी वाचली आणि थांबले.

सकाळी नऊला पिंजऱ्याचा ट्रे ओढायचा, वाळलेली विष्ठा खरवडायची, कागद झटकायचा. पक्ष्यांनी पंख फडफडवले की पांढरी पूड उडते, उन्हाच्या तिरिपेत ती तरंगताना दिसते. आई तेव्हा ठीक असते. दुपारचं जेवण होतं, एक डुलकी होते. चार-पाच वाजता अंग मोडून येतं, थंडी वाजते, खोकला सुटतो, छाती जड होते. रात्री ताप. एक-दोन दिवसांत सगळं ओसरतं आणि पुढच्या शनिवारपर्यंत कुणाला आठवतही नाही. या आजाराच्या तीव्र झटक्याची हीच चाल असते. त्रास होणारी गोष्ट श्वासात गेल्यावर साधारण ४ ते ८ तासांनी लक्षणं येतात. शिंक लगेच आली असती, तर पहिल्याच महिन्यात पिंजऱ्यावर संशय गेला असता. मध्ये अख्खी दुपार जाते म्हणून दोष हवेला, दगदगीला किंवा शनिवारला दिला जातो.

डॉक्टरांनी सांगितलेल्या या आजाराचं नाव बहुधा हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, थोडक्यात एचपी. रिपोर्टमध्ये हे शब्द आहेत का ते बघा. हा दमा नाही. दम्यात श्वासनलिका आकसतात, म्हणून पंपाने त्या मोकळ्या होतात. इथे सूज येते ती त्याच्याही पुढे, सर्वांत बारीक नलिकांच्या टोकाला आणि वायुकोशांत, म्हणजे जिथे ऑक्सिजन रक्तात उतरतो तिथे. पाच मायक्रॉनपेक्षा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण तिथवर पोचू शकतात. बुरशीचे बीजाणू, पंखांची पूड, सुकलेल्या विष्ठेची धूळ यांत असे कण भरपूर असतात. साधा पंप तिथे फारसं काही करत नाही.

रक्ततपासणी नॉर्मल आली यातही नवल नाही. ॲलर्जीच्या नेहमीच्या तपासण्या आयजीई नावाची प्रतिपिंडं मोजतात. शिंका, पित्त उठणं, दमा यांत त्यांचा हात असतो. एचपीचा मार्ग वेगळा. त्यात लढाऊ पेशी आणि आयजीजी प्रतिपिंडं पुढे असतात. त्यामुळे ‘ॲलर्जी टेस्ट निगेटिव्ह’ हा कागद या आजारात कुणालाच निर्दोष ठरवत नाही. पक्ष्यांविरुद्धची आणि बुरशीविरुद्धची आयजीजी वेगळी तपासता येते, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा. मात्र ती तपासणीही एकटी पुरेशी नाही. पक्षी पाळणाऱ्या अनेक धडधाकट माणसांच्या रक्तातही ही प्रतिपिंडं सापडतात.

तिलाच का, याचं उत्तरही याच्याशीच जोडलेलं आहे. तीच हवा घेणाऱ्या बहुतेकांना काहीही होत नाही. ज्यांची प्रतिकारशक्ती त्या कणांना शत्रू समजून बसते, त्यांनाच हा आजार होतो. त्यात आनुवंशिक कल असतो आणि किती कण किती काळ आत गेले याचाही वाटा असतो. तुम्ही चौघं त्या घरात राहता, पण आई त्या खोलीत झोपते आणि पिंजरा तिच्या हातून धुतला जातो. तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त कण तिच्या फुप्फुसांत गेलेत. तरीही घरात आणखी कुणाला रेंगाळलेला कोरडा खोकला असेल, तर त्यालाही तपासून घ्या. एकाच घरात दोघांना एचपी झाल्याची उदाहरणं आहेत.

आता ऋतूंकडे वळू, कारण तुमच्या पत्रात वर्षाचं सगळं गणित आधीच मांडलेलं आहे.

हा आजार ओळखला गेला तोच ऋतूमुळे. १९३२ मध्ये ब्रिटनमधल्या कॅम्पबेल नावाच्या डॉक्टरांनी बुरसटलेलं गवत हाताळणाऱ्या शेतमजुरांच्या या दुखण्याचं वर्णन केलं. गवत ओलसर असतानाच रचलं जायचं, ते आतून तापायचं, त्यात सूक्ष्मजीव माजायचे. थंडीत आणि थंडी सरताना जनावरांसाठी गंजी उघडली की माणसं आजारी पडायची. पुढे १९६५ मध्ये अमेरिकेत कबुतरं पाळणाऱ्यांमधला असाच आजार नोंदवला गेला. आणि जपानमध्ये तर या आजाराचा एक प्रकार ‘उन्हाळी’ म्हणूनच ओळखला जातो. तिथला उन्हाळा दमट. जुन्या लाकडी घरांत, ओल धरलेल्या कोपऱ्यांत ट्रायकोस्पोरॉन नावाची बुरशी वाढते. जूनच्या सुमारास माणसाला खोकला-ताप सुरू होतो, सप्टेंबरनंतर आपोआप थांबतो आणि पुढच्या वर्षी त्याच सुमारास पुन्हा येतो. हॉस्पिटलमध्ये बरं वाटायचं, घरी गेलं की पुन्हा बिघडायचं. तुमच्या आईची गोष्ट याच्या किती जवळची आहे, तुम्हीच बघा.

म्हणजे तुमच्या घरात संशयित एक नाही, दोन आहेत. वर्षाचं चक्र ओल्या भिंतीकडे बोट दाखवतं आणि आठवड्याचं चक्र पिंजऱ्याकडे. कूलर मी यादीत खाली ठेवेन. कूलर मुळात निरुपद्रवी आहे म्हणून नव्हे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या एका मोठ्या नोंदणीत फुप्फुसांना सूज किंवा व्रण आणणाऱ्या आजारांच्या १,०८४ रुग्णांपैकी जवळपास ४७ टक्के एचपीचे निघाले, आणि त्यांत एअर कूलर वापरणाऱ्यांचं प्रमाण लक्षात येण्याजोगं होतं. कूलरच्या ओल्या जाळ्या आणि साचलेलं पाणी हे बुरशीचं हक्काचं घर. पण आईचा उन्हाळा, म्हणजे नेमका कूलरचा काळ, चांगला जातो. ही तिची साक्ष मी मानते. अर्थात उन्हाळ्यात खिडक्या सताड उघड्या असतात, त्यामुळे पंखांची पूडही बाहेर जाते, हेही त्यामागचं कारण असू शकतं. या वर्षी थंडीत दम लागला त्याचा अर्थ मी असाच लावते: खिडक्या बंद, पिंजरा आत, हवा तीच तीच. त्यासोबत दुसरी, अधिक काळजीची शक्यता अशी की, आजार आता ऋतूची वाट पाहत नाही.

हे मला जरा थांबून सांगायला हवं. सुरुवातीला ही निव्वळ सूज असते. कारण दूर झालं की ती पूर्ण उतरू शकते. कण वर्षानुवर्षं जात राहिले तर काहींच्या फुप्फुसांत व्रण तयार होतात, त्याला फायब्रोसिस म्हणतात, आणि झालेला व्रण परत जात नाही. म्हणून आता डॉक्टर एचपीची विभागणीच व्रण असलेला आणि व्रण नसलेला अशी करतात. तापाचे झटके कमी होऊन नुसता दम वाढत जाणं, वजन घटणं, बोटांची टोकं फुगीर होऊन नखं गोलाकार वळणं ही व्रणांकडे झुकल्याची चिन्हं असू शकतात. आईची नखं बाजूने बघा. स्कॅनच्या रिपोर्टमध्ये ‘फायब्रोसिस’ शब्द आहे का, हे डॉक्टरांना थेट विचारा. फुप्फुसांची क्षमता मोजणारी पीएफटी, त्यातली डीएलसीओ (फुप्फुसांतून रक्तात वायू किती उतरतो हे मोजणारी) ही चाचणी आणि सहा मिनिटं चालण्याची चाचणी झाली नसेल तर करून घ्या. काही वेळा ब्रॉन्कोस्कोपीने, म्हणजे बारीक दुर्बीण श्वासनलिकेतून आत घालून, फुप्फुसाचा थोडा भाग धुऊन ते पाणी तपासतात. लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या दिसल्या तर एचपीला बळ मिळतं.

आणि आता तुमच्या पत्रातलं वाक्य ज्याने मला सर्वांत जास्त अस्वस्थ केलं: ‘गोळ्यांनी आता बरंच बरं वाटतंय.’ स्टेरॉइड सूज उतरवतात, म्हणून बरं वाटणारच. पण पिंजरा त्याच खोलीत आहे, भिंत तशीच आहे. वरून बरं वाटत असताना आत व्रण होत राहू शकतात, आणि बरं वाटतंय म्हणून कारण शोधायचं राहून जातं. माझ्याकडे आलेल्या एक बाई दोन वर्षं अशाच गोळ्यांवर होत्या. डोस कमी केला की दम, वाढवला की आराम. त्यांची पिसांची उशी कुणी विचारलीच नव्हती. रात्रीचे सात-आठ तास नाक त्या उशीत. मी विचारलं तोवर त्यांच्या स्कॅनमध्ये व्रण दिसत होते. ही गोष्ट मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. गोळ्या डॉक्टरांना न विचारता एकदम थांबवू नका, ते धोक्याचं आहे. फक्त गोळ्यांनी मिळालेली ही उसंत कारण शोधायला वापरा. आईची उशी, रजई पिसांची आहे का तेही आजच बघा.

मागे दोनदा न्यूमोनिया म्हटलं गेलं म्हणून कुणावर रागावू नका. ताप, खोकला, एक्स-रेवर डाग, सगळं तसंच दिसतं. शिवाय माणूस हॉस्पिटलमध्ये येतो म्हणजे घरातून बाहेर पडतो. त्यानेच बरा होतो आणि श्रेय अँटिबायोटिकला जातं. खरा जंतुसंसर्गही होऊ शकतो, तेव्हा ताप आला की स्वतःच निदान न करता दाखवा. डॉक्टरांना विचारून फ्लू आणि न्यूमोकोकसच्या लशी घेऊन ठेवा.

घर बदलायची घाई नको. आधी एक वही घ्या. तारीख, आई कुठे होती, काय साफ केलं, खिडक्या उघड्या की बंद, संध्याकाळचा ताप, जिना चढल्यावर दम किती. ऑक्सिमीटर असेल तर बसून एक आकडा आणि थोडं चालून एक. चालल्यावर आकडा चार किंवा जास्त अंकांनी घसरत असेल, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा. बसल्याजागीच तो नव्वदच्या खाली गेला, ओठ निळसर दिसले किंवा एक वाक्य पुरं बोलवेना, तर तडक हॉस्पिटल गाठा. शक्य असेल तर आईला दोन-तीन आठवडे अशा घरी ठेवा जिथे पक्षी नाहीत आणि ओल नाही. ती तिथे सुधारली तर ती नोंद फार मोलाची. गोळ्या चालू असल्यामुळे फरक झाकला जाऊ शकतो, म्हणून डॉक्टरांशी बोलून हे ठरवा. आणि मुद्दाम पिंजरा धुवायला लावून ‘बघूया काय होतं’ हा प्रयोग घरी अजिबात करू नका.

आई बाहेर असतानाच साफसफाई करा. साफसफाईच्या दिवशी हवेत सर्वांत जास्त कण असतात, तेव्हा ती घरात नकोच. करणाऱ्यांनी एन-९५ मास्क लावावा. कोरडा झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. कपाट भिंतीपासून हलवा. भिंतीच्या बाबतीत लोक नेहमी एकच चूक करतात: काळं पुसतात आणि वरून रंग देतात. पाणी कुठून मुरतंय ते आधी शोधायला हवं, पाइप, गच्ची, बाहेरची चीर, जे असेल ते. ते बंद झाल्यावर फुगलेलं प्लास्टर काढून भिंत पूर्ण वाळू द्या, मग रंग. ब्लीचने बुरशी मेली तरी काम झालं असं समजू नका, कारण मेलेल्या बुरशीचे कणही ॲलर्जी देतात. ती काढून टाकावी लागते. ब्लीच वापरलंच तर त्यात दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नका, विषारी वायू होतो. कपाटाची मागची फळी ओलीने फुगलेली असेल तर ती टाकून द्या. पुठ्ठा, गादी, प्लायवूड आतून साफ होत नाही. यापुढे काहीही भिजलं तर एक-दोन दिवसांत वाळलं पाहिजे. खोलीत आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र ठेवा, आकडा साठच्या खाली, जमलं तर पन्नासच्या आसपास राहू दे. कूलर सीझन संपला की पाणी काढून, वाळवून ठेवा आणि जाळ्या बदला. थंड तुषार उडवणारं ह्युमिडिफायर (हवा दमट करणारं यंत्र) असेल तर ते बंदच करा. टाकीतलं जे काही असेल ते तुषारांबरोबर थेट श्वासात जातं. हेपा फिल्टरचा एअर प्युरिफायर मदत करतो, पण पिंजरा खोलीत ठेवून प्युरिफायर लावणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

हे सगळं करूनही भिंतीची ओल हटत नसेल, तर घर बदलण्याचा विचार करा. जपानमधल्या त्या उन्हाळी प्रकारात सडलेलं लाकूड काढून टाकल्याने किंवा घर सोडल्याने आजार परत येणं थांबल्याचा अनुभव आहे. पण पिंजरा घेऊन नव्या घरात गेलात, तर तुमचा पैसाही जाईल आणि आईचं वर्षही.

आता पक्ष्यांचं. तपासण्या व्हायच्या आहेत, त्यामुळे मी त्यांना दोषी ठरवत नाही. पण शनिवारची नोंद इतकी बोलकी आहे की, तपासण्यांची वाट पाहत पिंजरा आईच्या खोलीत ठेवणं मला पटत नाही. तो आजच दुसऱ्या कुणाकरवी बाहेर काढा, आणि आईने तो पुन्हा धुवायचा नाही. निदान पक्कं झालं तर मात्र शेजारच्या खोलीत किंवा बाल्कनीत ठेवून भागणार नाही, त्यांना दुसरं घर लागेल. आणि एक गोष्ट आधीच मनाशी धरून ठेवा. पक्षी गेल्यावर त्यांचे कण घरात कित्येक महिने राहतात, दीड वर्षापर्यंत राहिल्याचंही आढळलंय. पक्षी गेले, पंधरा दिवसांत फरक पडला नाही, ‘उगाच दिले’ म्हणून परत आणले, असं मी पाहिलंय. पडदे, गादीची खोळ, सतरंज्या धुवा, भिंती आणि पंख्याची पाती पुसा, आणि धीर धरा.

तिला कसं सांगायचं? ‘डॉक्टरांनी पक्षी काढायला सांगितलेत’ असं दारातून सांगू नका. ती पाखरं बाबांची आहेत. त्यांच्यानंतर सकाळी तिला कुणीतरी हाक मारतं ते तीच. वही तिच्याच हातात द्या. चार शनिवार तिने स्वतः लिहू दे, पिंजरा तुम्ही बाहेर धुता आहात आणि तिची संध्याकाळ कशी जाते ते. आईलाच शनिवार खुपला होता, कारणही तिलाच सापडू दे. पक्ष्यांसाठी घर निवडतानाही तिला विचारा. जोडी फुटणार नाही, दाणापाणी वेळेवर होईल आणि फोनवर रोज दिसतील असं घर. व्हिडिओ कॉलवर ती त्यांच्याशी हवं तितकं बोलू शकते. जो कुणी त्यांना सांभाळेल, त्याने आईला भेटायला येताना आंघोळ करून धुतलेले कपडे घालून यावं, एवढं आधीच सांगून ठेवा. पूड कपड्यांवर बसून येते.

पिंजरा नेतील त्या दिवशी आईला निरोप घ्यायचा असेल तर तो उघड्या अंगणात किंवा गच्चीवर, मास्क लावून, थोडा वेळ घेऊ दे. तेवढं तुम्ही नाकारू नका. मग तिला सोबत घेऊन बाहेर पडा आणि मागे खोली पुसून होऊ दे. पीएफटीचे आकडे आणि वहीची पानं आली की मला पुन्हा लिहा, पुढच्या पावसाळ्याआधी.